लिंबाच्या पाण्याने न्हालेला नाग

मित्रांनो, जवळ या, घाबरू नका. माझे दात लाकडाचे आहेत, जीभ जुन्या टायरची आहे आणि पोट तर मला मुळीच नाही, त्यामुळे कोणाला गिळण्याचा प्रश्नच येत नाही. मी एक जुना नाग आहे. खरे सांगायचे तर नागाचे नुसते डोके. सिनेमात मी साठ हात लांब दिसतो, तळे ढवळतो, डोंगराला विळखा घालतो. पण पहिल्या सिनेमाच्या वेळी माझे धड कोणी बनवलेच नाही. मानेच्या मागे नारळाच्या सोडणांचा धूर सोडत आणि बघणारे समजत, बाकीचा नाग धुक्यात आहे. एवढ्याशा भांडवलावर मी दोन सिनेमांत मोठी कामे केली. तुमच्यापैकी किती जणांनी केली आहेत?

माझा जन्म जावा बेटावर, बांतुलमध्ये, तुगिरान यांच्या अंगणात झाला. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बु', म्हणून सगळे त्यांना पाक तुगिरान म्हणत. ते सावल्यांच्या खेळासाठी चामड्याच्या बाहुल्या कोरत. म्हशीच्या कातड्यावर छिन्नी टेकवून ठोकायला बसले की समोरून वरात गेली तरी मान वर करायचे नाहीत. एके दिवशी वुर्यान नावाचा एक तरुण दिग्दर्शक योग्या शहरातून त्यांच्याकडे आला. केस खांद्यापर्यंत, हातात गुंडाळलेली चित्रे. त्याला 'कि वुलुंग' नावाचा सिनेमा काढायचा होता. तळ्यात बुडालेले राज्य, त्याची राखण करणारा नाग कि वुलुंग ('कि' म्हणजे आमच्याकडे थोर, पूज्य) आणि त्या नागाने वाढवलेली एक राजकन्या, अशी ती गोष्ट होती.

"पाक, नाग असा पाहिजे की भीतीही वाटावी आणि त्याच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटावं," वुर्यान म्हणाला.

"म्हणजे आमच्या सासऱ्यांसारखा," पाक तुगिरान म्हणाले आणि कामाला लागले.

माझी कवटी पुले झाडाच्या हलक्या लाकडाची आहे. तिच्यावर त्यांनी म्हशीचे कातडे ताणून बसवले आणि ते वाळल्यावर एकेक खवला कोरला. कोळी लोक जाळ्याला काचेचे पोकळ गोळे बांधतात ना, त्यातले दोन मोठे गोळे आतून रंगवून माझे डोळे केले. पापण्यांना मात्र त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. बाहुली कोरतानाही चेहरा शेवटी आणि डोळे सर्वांत शेवटी, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती. ज्या दिवशी डोळे उघडायचे, त्या दिवशी ते सकाळपासून काही खात नसत आणि कोणाशी बोलतही नसत.

अशा एका उपाशी दिवशी त्यांनी सर्वांत पातळ कातड्याच्या दोन पापण्या कापल्या आणि मला बसवल्या. प्रत्येक पापणीला सायकलच्या ब्रेकची तार होती. ती मानेतून मागे जाई आणि तिच्या टोकाला ब्रेकची दांडी होती. दांडी दाबली की पापणी खाली येई, सोडली की स्प्रिंग तिला पुन्हा वर नेई. दोन डोळे, दोन दांड्या. पापण्या पहिल्यांदा वर गेल्या तेव्हा मला समोर एक बाई दिसली. तिच्या हातात तळलेल्या तेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, ताटली होती. ती त्यांची बायको, बु लेगिनेम.

"अहो!" ती ओरडली. "हे तर खरंच माझे वडील!"

चित्रीकरण समुद्राजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर सुरू झाले. माझ्या मानेखाली वाळूत खड्डा खणून त्यात चटई टाकली होती. तिच्यावर एक धट्टाकट्टा मेकॅनिक पालथा पडला आणि दोन्ही हातांनी दांड्या दाबू लागला. माझ्या पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खालीवर होऊ लागल्या. दहा वेळा करून पाहिले. अकराव्या वेळी वुर्यान कपाळाला हात लावून वाळूत बसला.

बु लेगिनेम त्या दिवशी सगळ्यांसाठी केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन आली होती. तिला राहवले नाही.

"मास," ती वुर्यानला म्हणाली. तरुण मुलाला आमच्याकडे असेच म्हणतात. "राग मानू नकोस हं. पण तुझा नाग ऐकतच नाहीये. समोरचं माणूस जिवाच्या आकांताने बोलतंय आणि हा आपला डोळे मारत बसलाय."

"मग कसं करायचं, बु?"

बु लेगिनेम गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीत काम करी. बारा वर्षांत तिला एकदाही राणी होता आले नव्हते; ती कायम दासी. "राणी रडत असते तेव्हा दासीला वाक्य नसतं," ती म्हणाली. "तिने फक्त ऐकायचं. राणीचं बोलणं संपलं की एक श्वास थांबायचं आणि मग पापणी हलवायची. आधी हलवली तर लोकांना वाटतं, हिला घरी जायची घाई आहे."

वुर्यानने मेकॅनिकला उठवले आणि तिला चटईवर झोपवले. मित्रांनो, त्या खड्ड्यातून तिला काहीच दिसत नसे. दिसत होती ती वाळू आणि माझ्या गळ्याच्या आतली लाकडाची फट. ती नुसती ऐके आणि दांड्या दाबे. त्या दिवसापासून मी जिवंत झालो.

राजकन्येचे काम करणारी किनासिह तेव्हा सात वर्षांची होती. मला पाहताच तिने भोकाड पसरले. वुर्यानने फुगा दिला, आईने डोळे वटारले, कशाचा उपयोग झाला नाही. तेवढ्यात माझी उजवी पापणी हळूहळू खाली आली, थोडी थांबली आणि पुन्हा वर गेली.

किनासिहचे रडे थांबले. "याला झोप आलीये?" तिने विचारले.

मी दोनदा पापणी हलवली.

"मग झोप की. मी आहे इथे," ती म्हणाली आणि माझ्या जबड्याला टेकून बसली.

तेव्हापासून ती मला सगळे सांगू लागली. गणिताच्या बाई कशा खडूस आहेत, आईने लपवलेली खाऊची बरणी तिला कशी सापडली, सगळे. एकदा तिचा वरचा दात पडला. आमच्याकडे वरचा पडलेला दात मातीत पुरतात म्हणजे नवा सरळ येतो. तिने मात्र तो माझ्या डाव्या नाकपुडीत खोल सारला. "सांभाळ हं," म्हणाली. मी मान डोलावली नाही, कारण मान हलवण्याची सोय नव्हती, पण पापणी हलवून कबूल केले. खाली चटईवर बु लेगिनेम हे सारे ऐकत होती. तिने यातला एक शब्दही कधी कोणाला सांगितला नाही.

सिनेमा लागला आणि माझे भाग्य उघडले. मुले तीन-तीनदा पाहायला येत. एका वर्तमानपत्रात छापून आले, 'या नागाला ऐकू येते.' मला ट्रकवर चढवून गावोगावच्या थिएटरांपुढे नेऊन ठेवू लागले. पोरे माझ्या डोक्यावर चढत, दातांना लोंबकळत. एक सुळा तेव्हाच गेला. पण मित्रांनो, कौतुकाच्या दिवसांत सुळा गेला तरी दुखत नाही.

मग दुसरे सिनेमे आले. मला गोदामात टाकले. माझ्यावर तुटकी खुर्ची ठेवली, खुर्चीवर चटया ठेवल्या आणि दाराला कुलूप लागले. किती वर्षे गेली ते मी सांगू शकणार नाही, कारण तिथे उजेडच नव्हता. शेवटी पाक तुगिरान यांनी विचारपूस केली, परवानगी काढली आणि कोबीच्या ट्रकमध्ये घालून मला घरी आणले. तिथे ओसरीवर माझी जागा ठरली. माझ्या जबड्यात एक कोंबडी अंडी घालू लागली. मला आवडायचे ते. निदान तोंडाला काही काम मिळाले.

दर महिन्याला पाक तुगिरान वाटीत खोबरेल तेल घेऊन बसत आणि मऊ फडक्याने माझ्या पापण्या पुसत. "कातड्याला पाणी दाखवायचं नाही, तेल दाखवायचं," ते पुटपुटत. हे ते बायकोला सांगत, कोंबडीला सांगत आणि मलाही सांगत. बाहेरच्या कोणाला त्यांनी सांगितले नाही, कारण बाहेरच्या कोणी विचारलेच नाही.

एकदा बु लेगिनेम नाटकाच्या दौऱ्यावर गेली असताना पाक तुगिरान छिन्नी हातात असतानाच कलंडले. ती धावत घरी पोहोचली तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना न्हाऊ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळले होते. त्यांचे डोळे कोणीतरी मिटले होते. कोणी मिटले, हे तिने आल्यागेल्या प्रत्येकाला विचारले. त्या गडबडीत कोणाला आठवत नव्हते. ओसरीवरून मी ते सारे पाहिले. त्यानंतर तेलाची वाटी ती घेऊन बसू लागली. पण ती पुटपुटत मात्र नसे.

पहिल्या सिनेमानंतर सव्वीस वर्षांनी वुर्यान पुन्हा अंगणात उभा राहिला. केस होते तिथे आता टोपी होती. लोक त्याला पाक वुर्यान म्हणत. बु लेगिनेम मात्र अजून मासच म्हणे. त्याला 'कि वुलुंग'चा दुसरा भाग काढायचा होता. राजकन्या आता राणी झाली आहे, नाग म्हातारा झाला आहे आणि शेवटी तिच्या देखत डोळे मिटतो, अशी गोष्ट होती. राणीचे काम किनासिहच करणार होती.

"नाग या वेळी कॉम्प्युटरवर बनवायचा, असं वरून आलंय," तो ओशाळून म्हणाला. "धड, शेपूट, उडी, लढाई, सगळं. पण शेवटचा प्रसंग मी याच्यावरच घेणार आहे, बु. तेवढं मी भांडून मिळवलंय. तुम्हाला त्यात काय हवं, ते सांगा."

बु लेगिनेमने माझ्या पापणीवरून बोट फिरवले. "डोळे मी मिटणार," ती म्हणाली. "याचे डोळे त्यांनी उघडले होते. त्यांचे मिटायला मी नव्हते. याचे मिटायला मी असणार, मास. आणखी काही नको."

वुर्यानने शब्द दिला. ट्रक आला. मला चढवत असताना बु लेगिनेमच्या ओठांवर ते वाक्य आले होते. मी स्पष्ट पाहिले. पाणी दाखवू नका, एवढेच सांगायचे होते. पण आमच्या माणसांना भीड फार. एवढी मोठी सिनेमावाली मंडळी, त्यांना आपण काय शिकवायचे, असे तिला वाटले. तिने ते वाक्य गिळले आणि सगळ्यांना केळ्याची भजी वाटली.

स्टुडिओत माझी चांगली बडदास्त होती. दिता नावाची मुलगी दोन दिवस माझ्याभोवती फिरून चारशे फोटो काढत होती. त्यांवरून कॉम्प्युटरमध्ये दुसरा कि वुलुंग तयार व्हायचा होता, धडासकट. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. सव्वीस वर्षे धडाची वाट पाहावी आणि ते दुसऱ्यालाच मिळावे! पण मग मी किनासिहला काम करताना पाहिले. कॉम्प्युटरातला नाग नंतर भरायचा, म्हणून ती काठीवर लावलेल्या हिरव्या चेंडूशी बोलत होती. चेंडू काही ऐकत नव्हता. माझा मत्सर तिथल्या तिथे निवळला.

सामानाची जबाबदारी गुनार्सोवर होती. तलवारी, मुकुट, भाले आणि मी. मनुष्य अतिशय भाविक आणि मायाळू. लहानपणी त्याने मला पाच वेळा पाहिले होते. रोज सकाळी तो मला मोगऱ्याची माळ घाली आणि हात जोडून "नमस्कार, कि" म्हणून कामाला लागे. एवढा मान मला घरीही मिळाला नव्हता. घरी कोंबडी होती.

शेवटच्या प्रसंगाला सोळा दिवस उरले असताना सुरो महिना लागला. सुरोमध्ये आमच्याकडे घराघरातले पिढीजात खंजीर, ज्यांना क्रिस म्हणतात, ते बाहेर काढून फुलांच्या पाण्याने आणि लिंबाने न्हाऊ घालतात. जुन्या वस्तूचा मान राखायचा तो असा. गुनार्सोने विचार केला, कि वुलुंगएवढे जुने आणि थोर या स्टुडिओत दुसरे कोण आहे? बु लेगिनेमला विचारावे, असे त्याच्या मनात आले होते. पण म्हाताऱ्या बाईला उगाच कशाला त्रास, म्हणून त्याने विचारले नाही.

सकाळी त्याने नवे वस्त्र नेसून तीन घंगाळी भरली. धूप लावला. दिवे लावणारे, शिवणकाम करणारे, रंगारी, सगळे हात जोडून उभे राहिले. मग गुनार्सोने माझ्या डोक्यावर तांब्यावर तांबे ओतले आणि लिंबाच्या फोडींनी खवलान् खवला घासला. मित्रांनो, मी आतून ओरडत होतो, पण मला आवाज नाही. मध्येच माझ्या डाव्या नाकपुडीतून एक पांढरा कण घंगाळ्यात पडला. सगळ्यांनी श्वास रोखले. गुनार्सोने तो उचलून पांढऱ्या कापडात बांधला. माझ्या अंघोळीचे पाणी लोकांनी बाटल्यांत भरून घरी नेले. एकाने ते आपल्या स्कूटरवर शिंपडले. ती म्हणे पुढे बरी चालली. माझे तसे झाले नाही.

लिंबू लोखंडाच्या क्रिसला चालते, त्याला नंतर तेल लावतात. माझे कातडे मात्र पोटभर पाणी प्यायले आणि मला उन्हात ठेवल्यावर ते आकसू लागले. दुपारभर माझ्या अंगातून कडकड आवाज येत होते. डाव्या पापणीची शिवण उसवली. उजवी आखडून वरच अडकली. आत तारा गंजल्या. पाच दिवसांनी गुनार्सोने सहज दांडी दाबून पाहिली, मग जोर लावून पाहिली. त्याचा चेहरा असा झाला की मला स्वतःपेक्षा त्याचीच कीव आली.

तो कोणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी केळ्यांचा घड घेऊन बु लेगिनेमकडे गेला, तासभर हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत आला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा घड, पुन्हा गप्पा. तिसऱ्या दिवशी काय झाले, ते त्यानेच पुढे माझ्यासमोर बसून सगळ्यांना इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले आहे.

"मास गुनार्सो," बु लेगिनेम म्हणाली, "तीन दिवसांत तीन घड. घरात मी एकटी आहे, माकड नाही. आता सांगून टाक, कोण गेलं?"

गुनार्सोने चहाचा पेला खाली ठेवला, पांढरे कापड उलगडले आणि रडायला लागला. "बु, मी कि वुलुंगला न्हाऊ घातलं. लिंबाने. मला वाटलं, मान द्यावा. आता डोळे मिटत नाहीत. आणि हा... हा ताईत त्यांच्या नाकातून निघाला."

बु लेगिनेमने कापडात पाहिले. "हा ताईत?" ती म्हणाली. "अरे, हा किनासिहचा दुधाचा दात आहे." मग ती हसायला लागली. "सदतीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला कधी लिंबाने घासलं नाही, आणि तू याला घासलंस!" हसता हसता तिच्याही डोळ्यांना पाणी आले. "चूक तुझी एकट्याची नाही. पाणी दाखवू नका, एवढं एक वाक्य मला सांगता आलं नाही. चल, ऊठ. तेल घे."

ती दोघे आली तेव्हा आठ दिवस उरले होते. सायकलवाल्याने तारा बदलल्या. बु लेगिनेम रोज सकाळपासून माझ्याजवळ बसून गरम खोबरेल तेलाने पापण्या चोळू लागली. तिची बोटे आता सांध्यांत सुजलेली होती. मधूनमधून ती हात काखेत दाबून बसे. डावी पापणी तिने शिवून पहिल्यासारखी केली. उजवी अर्ध्यापर्यंत आली आणि तिथे जी रुतली, ती हलेना. गावातले दोन कारागीर नवी पापणी कोरून द्यायला तयार होते.

"नको," ती म्हणाली. "ही त्यांनी उपाशीपोटी कापलेली आहे. नवी बसवली तर मी कोणाचे डोळे मिटणार?"

दिता म्हणाली, "बु, तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेता? अर्धा मिटला तरी चालेल. उरलेला मी नंतर कॉम्प्युटरमध्ये मिटवते. कोणाला कळणार पण नाही."

"बरं, पोरी," बु लेगिनेम म्हणाली.

तिच्या त्या 'बरं'मध्ये किती नकार असतो, हे मला पहिल्या सिनेमापासून ठाऊक होते. दुसरी कोणी असती तर तेवढ्यावर निघून गेली असती. दिता गेली, पण दारातून परत आली. "बु, खरंच चालेल? माझ्यासाठी म्हणू नका. खरं सांगा."

बु लेगिनेमने तिच्याकडे नीट पाहिले. "नाही चालणार," ती म्हणाली. मला वाटते, सिनेमावाल्या माणसाला ती जन्मात पहिल्यांदाच तोंडावर नाही म्हणाली.

"मग मी हात नाही लावणार," दिता म्हणाली. "जेवढा मिटेल तेवढा मिटेल."

चित्रीकरणाचा दिवस उजाडला. त्याच वाळूच्या टेकड्या, तसाच खड्डा, नवी चटई. किनासिह सोनेरी मुकुट घालून आली आणि खड्ड्यापाशी थबकली, कारण गुनार्सो बु लेगिनेमला हात धरून आत उतरवत होता.

"म्हणजे तेव्हापण तुम्हीच होतात? इथे खाली?" तिने विचारले. "मी जे जे बोलायचे, ते सगळं तुम्ही ऐकत होतात?"

"सगळं. गणिताच्या बाईंचं पण." बु लेगिनेमने कमरेची पुरचुंडी सोडून दात तिच्या हातावर ठेवला. "सांभाळ म्हणाली होतीस ना?"

किनासिहने तो दात मुठीत धरला आणि तिचे काजळ ओघळले. रंगभूषा करणारी बाई काजळ घेऊन मागे मागे धावत होती.

दुपार कलताना सोडणांचा धूर सोडला. वुर्यानने हात वर केला आणि खाली आणला. किनासिह माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि राणीचे लांबलचक भाषण बोलू लागली. राज्याविषयी, तळ्याविषयी, पूर्वजांविषयी. फार सुंदर लिहिलेले होते. खाली बु लेगिनेम ऐकत होती. भाषण संपले. एक श्वास गेला. डावी पापणी हळूहळू खाली आली आणि मिटली. उजवीही निघाली, अर्ध्यावर आली आणि थांबली.

माझ्या मानेत मला तिचा जोर जाणवत होता. ती सुजलेल्या बोटांनी दांडी दाबत होती आणि दांडी दगडासारखी घट्ट होती. ती रडत होती, तेही मला जाणवत होते. वुर्यानचा हात थांबवण्यासाठी वर गेला. तो तसाच हवेत राहिला, कारण किनासिह पुढे सरकली होती. कागदावर नव्हते, असे काहीतरी ती बोलली.

"झोप आलीये?" ती म्हणाली. "मग झोप की. मी आहे इथे."

आणि तिने आपला तळवा माझ्या उजव्या पापणीवर ठेवून हलकेच खाली ओढला. पापणी कुरकुरली. त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला, वाळूखाली, बु लेगिनेमच्या मुठीतली दांडी सैल झाली आणि अलगद आत आली. एक तार, तिच्या दोन टोकांना दोघी. माझा डोळा मिटला.

किती तरी वेळ वाऱ्याचाच आवाज येत होता. वुर्यान थांबा म्हणायचे विसरला होता. सिनेमात तो वाराही तसाच ठेवला आहे.

बु लेगिनेमला वर काढले तेव्हा तिच्या केसांत वाळू होती. ती उजवा हात उलगडून त्याच्याकडे पाहत होती. "त्यांचे डोळे कोणी मिटले, मला कळलंच नव्हतं," ती किनासिहला म्हणाली. "आज याच्या डोळ्याचं मिटणं मात्र हातात कळलं, बाई. अगदी हातात कळलं." किनासिहने मुकुट काढून वाळूत ठेवला आणि तिला मिठी मारली.

मित्रांनो, आता मी पुन्हा बांतुलच्या ओसरीवर असतो. कोंबडी नवी आहे. उजवी पापणी अजून अर्ध्यावरच अडते आणि आता ती तशीच राहणार. मी तुमच्याकडे फार मागत नाही. तुमच्याही घरात काही जुने असेल. एखादे घड्याळ, एखादे वाद्य, एखादे माणूसही असेल. त्याला हार घालता, पाया पडता, चांगलेच करता. पण तेवढ्याने आमचे भागत नाही. हार घालण्याआधी, अंघोळ घालण्याआधी विचारा, याला काय चालते आणि काय चालत नाही. आम्हाला बोलता येत नसेल, तर आमच्याजवळ रोज बसणाऱ्याला विचारा. आणि तुम्हीच ते जवळ बसणारे असाल, तर भीड धरू नका, सांगून टाका. ते एक वाक्य वेळेवर कोणी बोलले असते, तर पाक तुगिरान यांनी कापलेली पापणी आज धड असती.

दर वर्षी सुरो लागला की गुनार्सो येतो. बु लेगिनेम आतूनच ओरडते, "मास, पिशवीत लिंबं नाहीत ना?"

"नाहीत, बु," तो दारातच चपला काढून उभा राहतो. "आधी तुम्ही सांगा, काय करायचं."

ती सांगते. मग तेल लावून झाल्यावर ती मागे जाऊन दांडी धरते, तो पुढे येऊन माझ्या उजव्या पापणीवर तळवा ठेवतो, आणि दोघे मिळून माझा डोळा मिटतात.